तुंब्यातला ढोल

गडचिरोलीच्या धानोरा रस्त्यावर 'तक्षशिला रेडिओ' नावाचे एक लहानसे दुकान होते, आणि त्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे स्वागत एका किंकाळीने होत असे. उंबरठ्यावरच्या पायपुसण्याखाली पत्र्याच्या दोन पट्ट्या दडवलेल्या होत्या. पायाच्या भाराने त्या एकमेकींना टेकल्या, की फळीवरच्या डबीतून असा काही तीक्ष्ण सूर उमटे, की नवखा माणूस आल्या पावली मागे फिरे आणि जुना माणूस कानांवर हात ठेवूनच आत येई. दुकानाचा मालक श्रावण निमगडे मात्र तो सूर ऐकून दर वेळी प्रसन्न होत असे.

"चोर पळवायची मशीन म्हणून केली आन् गिऱ्हाईक पळवून राह्यली," त्याची पत्नी कमला मागच्या दाराने चहा आणता आणता म्हणे. ती अंगणवाडीत शिकवत असे आणि दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून आल्यावर तिला घरी आणखी एका किंचाळणाऱ्या जिवाची हौस नव्हती. "अजी, थोडा हळू नाई का बोलत हा तुमचा किडा?"

कमलेने ज्याला किडा म्हटले, ती टायमर चिप होती. जिल्हा नवा होऊन तीन-चार वर्षे लोटली होती. गावात अजून रेडिओचेच राज्य होते आणि नागपूरला गेलेला श्रावण सुट्या भागांबरोबर या आठ पायांच्या काळ्या चिपा कागदाच्या पुडीत बांधून आणत असे. चामोर्शीजवळच्या एका खेड्यात शेतमजुराच्या घरी जन्मलेला आणि चंद्रपूरला आयटीआयमध्ये शिकलेला हा माणूस. रेडिओ दुरुस्त करणे हे त्याचे पोट होते. पण स्वस्तातल्या चिपेकडून आवाज काढून घेणे हे त्याचे सुख होते. दूध उतू जाण्याआधी ओरडणारी डबी त्याने केली होती. पाण्याची टाकी भरली की ओरडणारी डबी केली होती. दोन्ही डब्या कमलेने माळ्यावर टाकल्या होत्या.

तरीही, चिप बोलते कशी, हे तिने एकदा कुतूहलाने विचारलेच. श्रावणने तिला न्हाणीतल्या रांजणाकडे नेले.

"समज, हा रांजण म्हणजे कपॅसिटर. नळ म्हणजे रेझिस्टर. नळातून वीज येते आन् रांजण भरत जाते. तीनातले दोन हिस्से भरला, की चिप खालचं बूच काढते. एक हिस्सा उरला, की बूच लावते. पुन्हा भरणं, पुन्हा सांडणं. दर भरण्या-सांडण्याले स्पीकरच्या कागदाले एक धक्का बसते. असे धक्के एका सेकंदात हजार-दोन हजार बसले, की आपल्याले सूर ऐकू येते."

"मंग माझ्या रांजणातून काऊन सूर येत नाई?"

"तुझा रांजण मोठा हाये आन् नळाले पाणी नाई. लहान रांजण लवकर भरते, लवकर सांडते, म्हणून त्याचा सूर बारीक. मोठा रांजण हळूहळू भरते, म्हणून त्याचा सूर जाड."

"मंग जाड ठेवा ना."

"जाड आवाज कोण ऐकते वो? घंटा म्हटली की कशी कानात सुईसारखी गेली पाह्यजे."

या मतावर श्रावणचा अढळ विश्वास होता, आणि पुढे जे घडले त्याला हाच विश्वास कारण झाला.

त्या वर्षीच्या मार्चअखेरीस पोचू नावाचा एक तरुण जुना ट्रान्झिस्टर काखेत मारून दुकानात आला. किंकाळी ऐकून तो दचकला नाही, कारण तो बल्लारपूरच्या कागद गिरणीत कामाला होता आणि याहून मोठे भोंगे त्याच्या अंगवळणी पडले होते. त्याच्यामागून त्याची आई आली. बुधरी तिचे नाव. कोसमटोला या जंगलातल्या लहानशा गोंड वस्तीत ती एकटी राहत असे. पायपुसण्यावर ती निवांत उभी राहिली, डबी तिच्या डोक्यावर किंचाळत राहिली, आणि तिने भिंतीवरच्या बुद्धाच्या चित्राला हात जोडले.

"जोहार, बाबू. रेडिओ बिघडला."

"काय होते, बाई?"

"ढोल वाजला की बोलते. बासरी वाजली की मुका होते."

श्रावणने रेडिओ उघडला, तपासला, झटकला, लावून पाहिला. नागपूर केंद्रावर बासरीच चालू होती. ती स्वच्छ ऐकू येत होती.

"हे पहा, वाजून राह्यली."

"कुठी?" बुधरीने विचारले.

पोचूने खांदे उडवले. "रेडिओ नाई बिघडला, श्रावणभाऊ. मायचे कान गेले. पण आयकन तं ना ती."

"कान गेले असते तं ढोल कसा आयकला असता?" बुधरी म्हणाली. मुलाचे ओठ पाहून तिला बोलणे कळत असे, आणि न पटलेले बोलणे अधिकच लवकर कळत असे.

मग पोचूने सारी हकीकत सांगितली. कोसमटोल्यात प्रत्येक घराचे मोहाचे झाड ठरलेले असते. दुसऱ्याच्या झाडाखालचे फूल कोणी उचलत नाही. बुधरीचे झाड तिच्या अंगणालाच लागून होते. चैत्रात पहाट सरताना फुले टपटप पडू लागत, त्या आवाजाने ती जागी होई आणि टोपली घेऊन निघे. अशी तिची सारी हयात गेली. अलीकडे मात्र ती टपटप तिला ऐकू येईनाशी झाली. तिला जाग येईपर्यंत गायी झाडाखाली चरून जात. म्हणून ती अंधारातच उठून पाहायला जाऊ लागली, आणि गेल्या आठवड्यात झाडाखाली अस्वल असताना थेट त्याच्या दिशेने चालत गेली. शेजारी ओरडले, ते तिला ऐकू गेले नाही. अस्वलाचे पोट भरलेले असावे. ते उठून निघून गेले.

"येवढा मोह होऊ दे," पोचू म्हणाला, "मंग मी तिले बल्लारपूरले घेऊन जातो. तिथी लाईट हाये, दारात नळ हाये."

"नळाखाली फूल पडते का?" बुधरीने विचारले आणि ती बाकावर जाऊन बसली. तिने पदराचे टोक मुठीत गच्च धरले होते. ते सोडून देण्याचे तिला बराच वेळ सुचले नाही. श्रावणने ते पाहिले.

तिला बरे वाटावे म्हणून त्याने विचारले, "आन् वाळत घातलेल्या मोहाचं कसं? अवकाळी पाऊस आला तं?"

"आला तं काळा पडते. गेल्या साली सारा गेला."

एवढे ऐकणे श्रावणला पुरेसे होते. पावसाची घंटा. तांब्याच्या दोन कंगव्यांचे दात एकमेकांत गुंतवावेत, पण टेकू देऊ नयेत, अशी एक पाटी करायची. पाटी कोरडी असेपर्यंत चिपेचे तोंड बांधलेले. पाण्याचा एक थेंब दोन दातांमध्ये पडला, की वीज त्यावरून पलीकडे जाणार, एक तीन पायांचा सुटा ट्रान्झिस्टर जागा होणार आणि चिपेचे तोंड सुटणार. चार दिवसांत सेलवर चालणारी घंटा तयार झाली. शनिवारी दुकान बंद करून, अवजारांची पेटी लुनाच्या मागे बांधून श्रावण निघाला.

"पाऊस आला आन् हा किडा ओरडला," कमला निरोप देताना म्हणाली, "तं लोकं पावसाले भेतील का किड्याले?"

कोसमटोल्यात त्याचे उत्तम स्वागत झाले. पोचू सुटीवर आलेलाच होता. बुधरीच्या शेणाने सारवलेल्या अंगणात साऱ्या शेजाऱ्यांची मोहफुले वाळत होती, कारण तितके स्वच्छ अंगण दुसरे नव्हते. श्रावणने पाटी अंगणाच्या कडेला, उघड्यावर, नीट पातळीत बसवली आणि डबी घराच्या खांबाला टांगली. पाण्याचा थेंब टाकून त्याने प्रयोग दाखवला. सारी वस्ती कान झाकून हसली. हात झटकून तो आनंदाने बाजेवर झोपला.

सूर्य वर येण्याच्या बेतात असताना डबी किंचाळली.

कोसमटोला जागा झाला. माणसे टोपल्या, घोंगड्या, ताडपत्रीचे तुकडे घेऊन धावत आली. कोणी मोह भरू लागले, कोणी झाकू लागले. श्रावण बाजेवरून उठून "पाऊस, पाऊस" असे म्हणत स्वतःच एक टोपली भरू लागला. घोंगडीभर मोह गोळा झाल्यावर एका म्हाताऱ्याने मान वर केली. आभाळ धुतलेल्या ताटासारखे स्वच्छ होते. त्याने पाटीकडे पाहिले, वाकून तिच्यावरून काहीतरी उचलले आणि श्रावणच्या तळहातावर ठेवले.

"पाऊस नाई, बाबू," तो म्हणाला. "इरुक."

ते एक टपोरे, रसाळ मोहफूल होते. श्रावणने आभाळाचा विचार केला होता, वाऱ्याचा केला होता, वासरांच्या खुरांचाही केला होता; मोहाच्या झाडाची एक फांदी अंगणावर आलेली आहे आणि मोहाचे झाड चैत्रात फुले टाकते, एवढे मात्र ध्यानात घेतले नव्हते. पडताना फुटलेल्या फुलाच्या गोड रसाने पावसाच्या थेंबाचे काम चोख केले होते.

वस्ती पोट धरून हसली. श्रावणही हसला, कारण न हसणे शक्य नव्हते. हसला नाही तो एकटा पोचू. तो खांबाकडे पाहत होता. खांबाशी, किंचाळणाऱ्या डबीच्या अगदी खाली, बुधरी दातवण चावत बसली होती.

"काय झालं?" तिने शांतपणे विचारले. "काऊन धावून राह्यले सारे?"

हसणे हळूहळू थांबले. पोचूने जाऊन पाटी पुसली, तेव्हा डबी गप्प झाली.

"श्रावणभाऊ, तुमी पाह्यलं," तो म्हणाला. "डोक्यावर वाजते आन् तिले पत्ता नाई. मोह सरेपर्यंत नाई थांबत मी आता. उद्याच्या गाडीनं नेतो."

बुधरीने त्याचे ओठ वाचले. ती आत गेली, आणि भांडी एकात एक ठेवल्याचा आवाज येऊ लागला.

श्रावण अंगणात बसून राहिला. आपण करायला काय आलो आणि काय करून बसलो, याचा विचार त्याला पेलवेना. माणसे पांगली. वस्तीच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी कोणी धान कांडू लागले. मुसळाचा धम धम असा मंद आवाज येऊ लागला. आतल्या भांड्यांचा आवाज थांबला. बुधरी दारात आली.

"मनकर्णा आली वाटते माहेरी," ती म्हणाली. "तिच्याच हाताचं कांडणं हाये. एक घाव जड, एक हलका."

पोचूने सवयीने मान हलवली. श्रावण मात्र ताडकन उभा राहिला. डोक्यावरची किंकाळी जिला ऐकू आली नव्हती, तिला वस्तीपलीकडचे मुसळ ऐकू आले होते, आणि तेही कोणाच्या हातातले हे ओळखू येण्याइतके. ढोल बोलतो, बासरी मुकी होते. बाई पहिल्या दिवसापासून खरे तेच सांगत होती आणि त्याने तिच्या रेडिओचे झाकण उघडून पाहिले होते. तिचे कान गेले नव्हते. बारीक सूर तेवढे गेले होते, आणि त्याने तर आयुष्यभर बारीक सुरांचीच आराधना केली होती.

"पोचू," तो म्हणाला, "चूल पेटलेली हाये का?"

कोसमटोल्यात वीज नव्हती. म्हणून त्याने जुन्या पद्धतीची, तांब्याच्या टोकाची, झाळ लावायची डागणी सोबत आणली होती. ती निखाऱ्यात तापली. श्रावणने डबी उघडली, कपॅसिटर काढला आणि त्याच्या जागी मोठा लावला. लहान रांजण गेला, मोठा रांजण आला.

"बाई, तिकडं तोंड करून बस. आवाज आला तं हात वर कर."

बुधरी झाडाकडे तोंड करून बसली. श्रावणने पाटीवर ओले बोट ठेवले. सूर उतरला होता, पण तिचा हात हलला नाही. त्याने आणखी मोठा कपॅसिटर लावला. हात हलला नाही. पेटीतला सर्वांत मोठा लावला, तेव्हा तिने मान किंचित तिरपी केली, जणू कोणी दुरून हाक मारत आहे.

"माशी हाये का?" तिने विचारले.

सूर आता पुरेसा जाड होता, पण डबीतला स्पीकर बशीएवढाही नव्हता. त्याला ढोलाचे काम झेपत नव्हते. श्रावणने इकडेतिकडे पाहिले. कुडाला एक वाळका दुधी टांगलेला होता, पाणी नेण्याचा तुंबा. तोंड फुटल्यामुळे तो निकामी झाला होता.

"हा घेऊ का, बाई?"

"घे. तसाही तो बल्लारपूरले येणार नोयता."

फुटलेले तोंड पुरेसे रुंद करून श्रावणने स्पीकर त्यावर पालथा बसवला आणि पळसाच्या मुळांच्या दोरीने आवळला. मग पुडीतून दुसरी चिप काढली. तिला मोठा रांजण आणि अगदी बारीक धारेचा नळ दिला आणि तिच्याकडे एकच काम सोपवले: पहिलीचे तोंड ठेक्याने दाबायचे आणि सोडायचे. एक चिप गुणगुणणार, दुसरी त्या गुणगुणण्याचे तुकडे करणार. त्याने पाटीवर बोट ठेवले.

ढुम्. ढुम्. ढुम्. तुंब्याच्या पोटातून आवाज निघाला.

बुधरीने हात वर केला नाही. ती वळली, उठली, तुंब्याजवळ आली आणि तिने त्याच्या पोटावर तळहात ठेवला.

"कोणाच्या घरचं लगन हाये?" ती म्हणाली.

पोचू जागच्या जागी थबकला होता. गिरणीत काम करणारा माणूस होता तो; एका प्रयोगाने विरघळणारा नव्हता. "दिवसा बसल्या बसल्या आयकणं वेगळं," तो म्हणाला. "उद्या फूल पडलं आन् कोणी न उठवता माय उठली, तं मी एकटा जातो. नाई उठली, तं तिनं कुरकुर करायची नाई."

"अंधारात जाणार नाई मी," बुधरी म्हणाली. "ढोल वाजन तवाच जाईन. पण तू बी मदी बोलायचं नाई."

तुंबा तिच्या खाटेशी गेला. आत लांब तार गेली. श्रावणने पाटी झाडाखाली नेली आणि तिच्यावर एक जुने सूप तिरपे बांधले. सुपात पडलेले फूल घरंगळत पाटीवर यावे, अशी योजना होती. चैत्रात दव पडत नसल्याने त्या बाजूची काळजी नव्हती.

पहाट सरली. श्रावण अंगणातल्या बाजेवर जागा होता; शेजारच्या बाजेवर पोचूही डोळे मिटून जागाच होता. पूर्वेला उजळले. पहिले फूल पडले, सुपाच्या अलीकडे. दुसरे पलीकडे. मग चार-पाच फुले एकदम पडली, आणि त्यांतल्या एकालाही सूप दिसले नाही. दूर गायीच्या गळ्यातले लाकडी ठोकळे खडखडले. श्रावणला वाटले, उठून एक फूल उचलावे आणि हळूच पाटीवर ठेवावे. त्याने पोचूकडे पाहिले. पोचूने एक डोळा उघडला होता.

"भाऊ," तो कुजबुजला, "बसल्या जागी राहायचं."

तेवढ्यात एक फूल सुपात पडले. ते घरंगळले आणि सुपाच्या काठाशी येऊन अडले. फूल हलेना. गायींचे ठोकळे जवळ आले. मग वाऱ्याची लहानशी झुळूक आली, आणखी एक फूल वरून येऊन पहिल्याला भिडले, आणि दोन्ही मिळून पाटीवर उतरली.

ढुम्. ढुम्. ढुम्.

घरात काही क्षण नुसता तुंबाच बोलत राहिला. मग दार उघडले. बुधरी बाहेर आली. एका हाती टोपली, दुसऱ्या हाती काठी, पदर खोचलेला. तिने दोघांकडे पाहिलेही नाही. झाडाखाली जाऊन तिने पाटीवरचे एक फूल उचलून तोंडात टाकले, पदराने पाटी स्वच्छ पुसली आणि काठी आपटून पहिली गाय हाकलली. तुंबा गप्प झाला. मग परत येऊन तिने मुलाच्या बरगडीत काठीचे टोक हळूच टोचले.

"ऊठ. सोंग नको करू. गायी आल्या."

पोचू उठला. त्याने दुसरी टोपली घेतली आणि आईच्या शेजारी वाकून फुले वेचू लागला. श्रावणही वेचू लागला. ऊन चढेपर्यंत झाड देत राहिले आणि पोचूची गाडी निघून गेली.

"संध्याकाळी दुसरी हाये," तो आईला म्हणाला. "एकटाच जातो. पण दिवाळीले ये."

"येईन ना. दिवाळीत मोह पडत नाई."

लुना सुरू करताना श्रावणच्या मागच्या पेटीवर दोन गोष्टी आल्या: मोहाची एक भरगच्च टोपली आणि तोच जुना ट्रान्झिस्टर.

"आता याची बासरी बी जाड करून दे," बुधरीने सांगितले.

"बाई, बासरी जाड केली तं ती बासरी राहणार नाई."

"मंग काय राहीन?"

"ढोल."

"तं काय वाईट हाये?"

श्रावणने रेडिओ नेला, बासरीचे काही करता आले नाही, पण आत मोठा स्पीकर बसवून ढोल मात्र पूर्वीपेक्षा भारदस्त करून दिला. पुढच्या आठवड्यात कोसमटोल्याची आणखी दोन म्हातारी माणसे आपापले फुटके तुंबे घेऊन 'तक्षशिला रेडिओ'त आली. पायपुसण्यावर पाय पडताच फळीवरून ढुम् ढुम् असा आवाज आला, आणि दोघेही दारातच थांबून समाधानाने हसले.

चहा घेऊन आलेली कमला मागच्या दारात उभी होती. तिने फळीवरच्या तुंब्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"हळू बोलायले शिकला वाटते किडा," ती म्हणाली, आणि आणखी दोन कप आणायला आत गेली.